ओलेटाचा कंगवा आणि वखारीतली तेलविहीर

ओलेटा स्ट्रिकलिनचं पार्लर मेन स्ट्रीटवर होतं, औषधांचं दुकान आणि शिवणयंत्रवाला यांच्या मधोमध. तीन खुर्च्या, दोन ड्रायर आणि खिडकीत एक जिरेनियमचं रोप, जे कधी मरत नव्हतं आणि फुलतही नव्हतं. नवरा गेल्यावर तिने हे दुकान काढलं आणि मग सगळं आयुष्य तिथेच काढलं. गावातल्या म्हाताऱ्या आठवड्यातून एकदा यायच्या. डोकं धुवायच्या, रोलर लावून ड्रायरखाली बसायच्या, सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या आणि पुढच्या खेपेपर्यंत बट हलणार नाही इतका स्प्रे मारून घरी जायच्या. ओलेटाच्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणत. ते खोटं नव्हतं. पण जे तिने पोटात ठेवलं ते बाहेर आलं असतं, तर आमच्या केटनरमधल्या निम्म्या घरांत काडीमोड झाला असता.

तिचं एक होतं. गिऱ्हाइकांपैकी कुणी म्हातारी गेली की ओलेटा आपली कंगवे-रोलरची पेटी घेऊन स्पर्लॉकच्या अंत्यविधी-घरात जायची आणि तिचे शेवटचे केस लावून द्यायची. कुणी बोलवायची वाट बघत नसे आणि पैसे घेत नसे. "जिवंतपणी दर आठवड्याला घेतलेत," ती म्हणायची, "आता शवपेटीत घातल्यावरही लुटू का?"

आणि मग नूडल्स. मयताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. बायका काचेच्या भांड्यांतून काहीबाही करून नेतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे परत कुणाला द्यायचं हे कळतं. भांडं धुऊन परत येतं, आणि रिकामं कधी येत नाही. काही नाही तर चार टोमॅटो तरी घालतात. ओलेटाचं भांडं निळ्या फुलांचं, आणि तिच्या हातच्या चिकन-नूडल्स अशा असायच्या की मेलेल्याच्या नातेवाइकांना दुःखातही दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटायचं.

एक्क्याऐंशी साली सगळ्या पश्चिम ओक्लाहोमात तेलाने लोकांचं डोकं फिरवलं होतं. शेतात, गोठ्यामागे, शाळेच्या मैदानापलीकडे, जिथे बघावं तिथे तेल खोदायच्या रिग उभ्या. आमच्याकडे घर विकत घेतलं तरी खालचं तेल आपलं नसतं, ते कुणाच्या तरी आजोबाने कधीच विकून टाकलेलं असतं. त्यामुळे अंगणात मनोरा उभा राहिला तरी हात चोळत बसायचं. गावाच्या आत मात्र नकाशा आडवा यायचा. मेन स्ट्रीट आणि तिच्या मागची गल्ली नकाशात 'व्यापारी' होती, आणि व्यापारी जागेत विहीर खोदायला मनाई. म्हणून कंपनीने अर्ज टाकला की ओलेटाच्या मागे लाकडाची जुनी वखार होती, तिची अर्धी जागा 'औद्योगिक' करा.

पार्लरच्या मागच्या दारातून वखारीत खडा मारला तर लागेल, इतकी ती जवळ. ओलेटाची गिऱ्हाइकं सगळी सत्तरीपुढची. कुणाला दमा, कुणाला हृदयाचं दुखणं, मिस आयना हॉन (आमच्याकडे लग्न झालेल्या म्हातारीलाही मानाने मिसच म्हणतात) तर प्राणवायूची नळकांडी ओढत यायच्या. तिथे डिझेलचा धूर आणि दिवसरात्र खडखडाट सुरू झाला की एकही म्हातारी पायरी चढणार नाही, आणि म्हाताऱ्या नाहीत तर पार्लर नाही. हे कळायला ओलेटाला वकील लागला नाही. तिने मेन स्ट्रीट पालथी घातली, दुकानदारांकडून हरकती लिहून घेतल्या. शेजारच्या निम्म्याहून जास्त जागावाल्यांनी हरकत घेतली की साधं बहुमत पुरत नाही. मत देणाऱ्यांपैकी चारांत तिघं हवेत. नगरसमितीवर नगराध्यक्ष धरून पाच जण होते. पाचांत चार मतं मिळवायची तर कंपनीला घाम फुटला असता, कारण दोघं ठाम विरुद्ध होते. एक शाळेची बस चालवणारी फेय टॅकिट, आणि दुसरा मिस आयनांचा मुलगा एमेट.

"एमेटची काळजी करू नकोस," मिस आयना ड्रायरखालून ओरडून म्हणाल्या. ड्रायरखाली बसलं की सगळ्याच ओरडून बोलतात. "त्याने हात वर केला तर मी तो खाली ओढीन."

"नळी सांभाळा आधी," ओलेटा म्हणाली. "हात नंतर ओढा."

नगराध्यक्ष होता डॉइल प्रेविट. त्याचं गाड्यांचं दुकान. रिगवरचा प्रत्येक मजूर पहिल्या पगारात पिकअप घ्यायचा, आणि ती डॉइलकडूनच. तेव्हा तो कुणाच्या बाजूने होता हे सांगायला नको. कंपनीने त्याला आणि दोघा सदस्यांना विमानात बसवून शहरात नेलं, फुटबॉलचा सामना दाखवला, रात्री स्टेक खाऊ घातला. सांगितलं असं की आवाज न करणारी रिग पाहायला गेलो होतो. परत आले तेव्हा तिघांच्या डोक्यावर सारख्या नव्या टोप्या होत्या. ओलेटाने त्या पाहिल्या आणि तिला शिसारी आली. डॉइलला तिने चड्डीत पाहिलं होतं. त्याची आई, मिस झेल्मा, शुक्रवारची तिची पहिली गिऱ्हाईक, त्याला लहानपणी सोबत आणायच्या आणि तो पुढे खिडकीशी रोलरच्या टोपलीत हात घालून बसायचा.

मतदानाच्या आधी मिस आयना गेल्या. झोपेतच. ओलेटा पेटी घेऊन स्पर्लॉककडे गेली, त्यांचे केस धुतले, पुढे आवडायचं तसं छोटं कुरळं केलं, आणि काम करताना त्यांच्याशी बोलत राहिली, कारण गप्प राहून केस करायची तिला सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी निळ्या फुलांचं भांडं एमेटच्या घरी पोचलं.

स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं होतं. डॉइलही आला होता. त्याने नूडल्स वाढून घेतल्या, संपवल्या, परत वाढून घेतल्या. मग चमच्याने कडा खरवडल्या आणि भांडं उलटं करून तळाचं नाव वाचलं. ओलेटाने ते पाहिलं. तिला वाटलं, आवडल्या असतील.

"मी त्याच बाजूला जातोय," डॉइल एमेटच्या बायकोला म्हणाला. "मिस ओलेटाचं भांडं मी पोचवतो."

भांडं काही आलं नाही. आठवडा गेला, पुढचा गेला. ओलेटाला वाटलं, गाडीत राहून गेलं असेल, पुरुषांना भांड्याची काय कदर. तिने तगादा लावला नाही, कारण मयताच्या भांड्याचा तगादा कुणी लावत नाही.

सुनावणीला सगळं गाव लोटलं. आमच्याकडे सभा प्रार्थनेने सुरू होते. त्या दिवशी ती डॉइलने म्हटली आणि देवाकडे सद्बुद्धी मागितली. मागणारा मागतो, घ्यायची कुणाला होती.

ओलेटा बोलली, औषधवाला बोलला, शिवणयंत्रवाला बोलता बोलता रडला. मग गावाचा वकील एम्सडेन उठला. सडपातळ, कपड्यांची घडी न मोडणारा माणूस. त्याने टेबलाखालून किराण्याची कागदी पिशवी काढली आणि तिच्यातून निळ्या फुलांचं भांडं बाहेर आलं.

तुम्हाला सांगते, ओलेटाला आधी आनंद झाला. अगं बाई, सापडलं, असं ती नीवाला म्हणालीसुद्धा. नीवा म्हणजे तिची मैत्रीण, शेजारीच बसली होती. तिने ओलेटाचा हात घट्ट धरला, कारण तिला आधी कळलं.

"मिसेस स्ट्रिकलिन, हे तुमचंच ना?" वकील म्हणाला.

"माझंच. नाव आहे खाली."

"यातून तुम्ही श्री. हॉन यांच्या घरी काही पाठवलं?"

"नूडल्स."

"पैसे घेतले?"

सभागृहात लोक हसले. ओलेटाही हसली. "आई मेली होती त्याची," ती म्हणाली.

"आणि त्यांच्या आईचे केस तुम्ही केलेत. स्पर्लॉककडे. त्याचे किती घेतलेत?"

आता कुणी हसलं नाही.

"काही नाही," ओलेटा म्हणाली.

"म्हणजे ज्यांचा या प्रश्नात थेट स्वार्थ आहे," एम्सडेन सभेकडे वळून म्हणाला, "त्यांनी एका सदस्याला किंमत असलेल्या दोन गोष्टी विनामोबदला दिल्या. गावाच्या सनदेत याबद्दल कलम आहे. रेल्वेवाले फुकट पास वाटायचे तेव्हापासूनचं. अशा सदस्याला त्या प्रश्नावर मत देता येत नाही."

"आणि विमान?" नीवा उठून म्हणाली. "स्टेक कुणी भरवला त्या तिघांना? टोप्या कुणी घातल्या?"

"ती पाहणी होती," वकील म्हणाला. "गावाच्या कामासाठी. तशी नोंद आहे. खाली बसा."

एमेट हॉन मोठ्या अंगाचा, मंद बोलणारा माणूस. चारा-बियाण्याचं दुकान त्याचं. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि कुणाकडे बघावं ते त्याला कळत नव्हतं. आईच्या केसांचं नाव असं चारचौघांत, लाचेच्या यादीत घेतलं गेलेलं त्याला सहन होईना. तो टेबलापासून दूर झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मत द्यायला उरले चौघं. चारांत तीन झाली. वखार औद्योगिक झाली.

डॉइलने हातोडा आपटला. त्याच हाताने चमचा धरून त्याने कडा खरवडल्या होत्या. ओलेटाच्या मनात तेवढंच येत राहिलं. हरण्याचं दुःख वेगळं. हे दुसरंच काहीतरी होतं. या माणसाने तिच्या हातचं खाल्लं, दोनदा खाल्लं, आणि भरल्या पोटी ते भांडं वकिलाला नेऊन दिलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे तिने पाहिले होते. मयताच्या घरचे मोजणारा पहिल्यांदाच पाहिला.

रिग आली. खांब रोवले, खड्डा खणला, त्यात राखाडी चिखल साचला. पार्लरमध्ये आरसे थरथरू लागले, आणि आरशात म्हाताऱ्याही. टॉवेल बाहेर वाळत घातले तर काळे ठिपके पडून येत. सडक्या अंड्यांसारखा वास गल्लीतून यायचा आणि केसांत बसायचा. पैसे देऊन केस धुवायचे आणि वास घेऊन घरी जायचं, कोण करील हे? एकेक म्हातारी यायची बंद झाली. काहींना मुलांनी पुढच्या गावात न्यायला सुरुवात केली.

आणि मेन स्ट्रीट? विचारू नका. ज्यांनी हरकतींवर सह्या केल्या होत्या त्यांनीच रिगवर धंदा मांडला. कोपऱ्यावरच्या खाणावळीने 'रिगवाल्यांचं स्वागत' असा फलक लावला आणि हॅमबर्गर महाग केला. औषधवाल्याने दारात कानात घालायच्या कापसाच्या बोळ्यांची बरणी ठेवली. विकायला. शिवणयंत्रवाला, जो सभेत रडला होता, तो टोप्यांवर कंपनीचं नाव शिवून देऊ लागला. ओलेटा रस्त्याने चालली की लोक दुकानात शिरायचे.

"अगं, जगायला नको का त्यांना?" नीवा म्हणाली.

"जगू देत," ओलेटा म्हणाली. "मला बघून लपतात ते कशाला? चोरी केली म्हणूनच ना?"

"तूही रिगवाल्यांची हजामत सुरू कर."

"त्यांच्या डोक्यात चिखल आहे. इथल्या लोकांच्या डोक्यात काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून त्यांचे केसही करवत नाहीत."

पहिली विहीर म्हणावी तशी लागली नाही. थोडा गॅस, थोडं पाणी. कंपनीने धीर सोडला नाही, उलट वखारीची उरलेली अर्धी जागा मागितली. ती तर गल्लीला लागूनच. तिथे रिग उभी राहिली असती तर ओलेटाचं मागचं दार उघडलं नसतं. हे झालं की दुकान बंद, ते ती सगळ्यांना सांगत होती, आणि सगळे मान हलवत होते. मतं तीच. तिघं बाजूने, एमेट आणि फेय विरुद्ध. पाचही बसले तर कंपनीला चौथं मत मिळत नव्हतं. गावात कुजबुज होती की एमेटला पुन्हा कशात तरी अडकवणार. त्याच्या घरी आता कुणी जावं-यावं तरी लोक कचरत. एमेटच्या बायकोचा पाय मोडला तेव्हा एकही भांडं गेलं नाही. आमच्या गावात! लोक पिशवीत फळं घेऊन निघायचे आणि अर्ध्या वाटेतून परत फिरायचे.

अशात मिस झेल्मा प्रेविट गेल्या.

त्यांचा शुक्रवार कधी चुकला नव्हता. मुलाने केलं ते केलं, तरी त्या रिगच्या खडखडाटातही यायच्या. खुर्चीत बसून एकदा म्हणाल्या, "डॉइल गाढव आहे. माझ्यावर गेला नाही."

"बापावर गेलाय," ओलेटा म्हणाली.

"बापही गाढवच होता. केस नीट कर."

केस नीट करणं म्हणजे काय, हे फक्त ओलेटाला ठाऊक. झेल्माच्या उजव्या कानशिलावर, कपाळापासून कानापर्यंत, भाजल्याचा डाग होता. तरुणपणी रॉकेलची शेगडी भडकली होती. कातडी आक्रसलेली, गुळगुळीत. भांग डावीकडे, आणि एक लाट अशी वळवायची की ती डागावरून जाऊन कानामागे बसेल. नवरा आणि ओलेटाखेरीज कुणी तो डाग पाहिला नव्हता, असं झेल्मा म्हणायच्या. डॉइलनेसुद्धा नाही. उन्हाळ्यात नदीवर गेलं तरी त्या डोकं भिजवत नसत.

बातमी कळल्यावर ओलेटा पेटी भरत होती, तेवढ्यात डॉइल दारात उभा. टोपी हातात. डोळे सुजलेले.

"मिस ओलेटा," तो म्हणाला, "मॉमने सांगून ठेवलं होतं, तुम्हीच करायचे."

"निघालेच मी."

त्याने खिशातून पाकीट काढलं. "हे घ्या आधी."

"काय आहे?"

"पैसे. जे काय होतील ते."

"मेलेल्याचे मी घेत नाही, डॉइल. गावाला विचार."

"तुम्हाला घ्यावे लागतील." तो खाली बघत होता. "एम्सडेन म्हणतो, फुकट घेतलं तर... पुढच्या आठवड्यात मतदान आहे ना."

ओलेटा पेटीचं झाकण धरून उभी राहिली. मागे रिग धडधडत होती, आरशात डॉइलचा चेहरा थरथरत होता.

"तुझी आई स्पर्लॉकच्या टेबलावर पडलीय," ती म्हणाली. "आणि तू वकिलाला विचारून आलास."

"घ्या ना हो. काय जातं तुमचं?"

"माझं काही जात नाही. मी कधीच घेतले नाहीत, आज तुझ्यासाठी घेणार नाही. फुकट करू दे, नाहीतर जा."

तो उभा राहिला. मी सांगते, त्याला क्षणभर करू द्यावं असं वाटलंही असेल. शेवटी आई ती आई. पण मग त्याने पाकीट खिशात घातलं, टोपी डोक्यावर चढवली, तीच कंपनीची टोपी, आणि गेला. दुपारी कळलं की त्याने पुढच्या गावातून कुणी मुलगी बोलावली आहे. केस करायला. पैसे देऊन, पावती घेऊन.

ओलेटाने पेटी रिकामी केली. कंगवे, रोलर परत जागेवर ठेवले. रात्री नीवाने समजावलं की बाई, तुझा काय दोष, तर ती म्हणाली, "मला माझा दोष दिसतच नाहीये. त्याचाच घाण वास येतोय नुसता."

दफनाच्या आदल्या संध्याकाळी स्पर्लॉककडे दर्शन होतं. सगळं गाव रांगेत. फुलांची चक्रं, त्यात सगळ्यात मोठं कंपनीचं, तारेवर उभं केलेलं. कंपनीने हॅमही पाठवला होता. प्रेविटांच्या घरी त्या दोन दिवसांत गावाचं एक भांडं गेलं नव्हतं, कारण कुणालाच कशात अडकायचं नव्हतं, डॉइललाही नाही. सगळं घर विकतचा हॅम खात होतं.

रांग पुढे सरकली. ओलेटाला आधी बायकांचे चेहरे दिसले. प्रत्येक जण शवपेटीशी पोचली की एकदम नजर वळवत होती. मग तिची पाळी आली.

त्या पोरीने झेल्माचे केस सगळे मागे ओढून फुगवले होते. फॅशनने. कपाळ उघडं, कानशील उघडं. डागावर स्पर्लॉकने लेप थापला होता, त्वचेच्या रंगाचा, आणि दिव्याखाली तो चकाकत होता. कडेने आक्रसलेली कातडी तशीच दिसत होती. झेल्माने सगळा जन्म जे झाकलं ते गावाने रांगेत उभं राहून बघितलं.

डॉइल पेटीच्या डोक्याशी उभा होता. लोकांचे हात हातात घेत होता. त्याला डाग माहीतच नसावा. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं हे होतं की काहीतरी चुकलंय आणि काय ते कळत नाही.

ओलेटाने पर्स उघडली. कंगवा काढला. रांगेत तिच्या मागे नीवा होती, नीवाच्या मागे एमेट, आणि चार माणसं सोडून वकील एम्सडेन. ती वाकली, फुगवलेले केस हलक्या हाताने सोडवले, डावीकडे भांग पाडला. केस ताठर झाले होते, तिने बोटांना थुंकी लावून ओले केले. मग ती लाट, कपाळावरून, डागावरून, कानामागे. वेळ लागला. रांग थांबली, कुणी हललं नाही. शेवटी तिने तळहाताने लाट दाबली, दर शुक्रवारी दाबायची तशी.

"झालं, मिस झेल्मा," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "फुकट केलं, डॉइल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि पुढे सरकली.

पुढच्या आठवड्यात सभा पुन्हा प्रार्थनेने सुरू झाली. ती या वेळी दुसऱ्याच कुणी म्हटली. कंपनीचा माणूस बोलला, ओलेटा बोलली नाही. डॉइलने मतदान पुकारलं.

तेव्हा एमेट हॉन, ज्याला बोलायला नेहमी वेळ लागायचा, टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "डॉइल, एक विचारायचंय. तुझ्या आईचे केस कुणी केले?"

डॉइलने एम्सडेनकडे पाहिलं. एम्सडेन आपले कागद जुळवत होता, कडा बरोबर करत होता. तो त्या रांगेत होता. सगळेच होते.

"मी पैसे दिले होते," डॉइल म्हणाला. "त्या मुलीला."

"त्या मुलीचं नाही विचारत," एमेट म्हणाला. "दफनाच्या दिवशी जे केस होते ते. कुणी केले? आणि किती दिलेस?"

डॉइल उठला. भिंतीशी गेला, जिथे एमेट उभा राहिला होता तिथेच. उरलेल्या चौघांत दोन इकडे, दोन तिकडे. तीन झाली नाहीत. गल्लीला लागलेली जागा व्यापारी राहिली आणि अर्ज फेटाळला गेला.

लोक उठून टाळ्या वाजवू लागले. टोप्या शिवणाऱ्याने सगळ्यात जोरात वाजवल्या. औषधवाला ओलेटाला म्हणाला, आम्ही तुझ्याच पाठीशी होतो. नीवाने तिला मिठी मारली. "वाचलं गं तुझं दुकान. काय डाव टाकलास तू," ती कानाशी म्हणाली. ओलेटाने तिला दूर केलं, जरा जोरातच.

बाहेर पायरीवर डॉइल तिची वाट बघत होता. बिनटोपीचा.

"मिस ओलेटा, एक सांगा मला," तो म्हणाला. "मुद्दाम केलंत?"

"तुझ्या आईचा डाग झाकला मी. तू उघडा टाकला होतास."

"ते कळलं मला. स्पर्लॉकने सांगितलं नंतर." त्याचा आवाज फाटला. "पण ते शेवटचं मोठ्याने बोललात. फुकट केलं म्हणालात. ते कशाला?"

तीस वर्षं, पस्तीस वर्षं, किती शुक्रवार झेल्माचं डोकं ओलेटाच्या हातात होतं. वाकली तेव्हा फक्त झेल्मा होती समोर, याची तिला शपथ घेता आली असती. पण मान वर केली तेव्हा रांगेत एम्सडेन दिसला होता, आणि त्यानंतर ती बोलली होती.

डॉइल थांबला. ओलेटाने पर्स काखेत धरली, तेव्हा तो मान हलवून आपल्या गाडीकडे गेला.

निळ्या फुलांचं भांडं नगरपालिकेच्या कपाटात होतं. लेखनिक बाईने दोनदा निरोप पाठवला, घेऊन जा म्हणून. ओलेटा गेली नाही. त्या शुक्रवारी तिने दुकान उघडलं. मागे रिग सुरूच होती. पहिल्या गिऱ्हाइकाची, झेल्माची, वेळ मोकळी होती, ती तिने दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. ती सिंकपाशी उभी राहून तो कंगवा साबणाने धूत राहिली, आणि तो कितीही धुतला तरी तिचं समाधान होईना.